कारणाचा रकाना

हिरालालजींच्या ताडपत्रीच्या दुकानात मी तेव्हा एकवीस वर्षं शिलाई मशीनवर होते. दोन हजार चारच्या दिवाळीआधी त्यांचा मुलगा अंकित पुण्याहून शिकून वर्ध्याला आला आणि म्हणाला, आपण कापूस वेचायची पिशवी काढू. बायका कमरेला लुगड्याची झोळी बांधून वेचतात, त्याऐवजी पक्की शिवलेली.

मी कापड घ्यायला उठले.

"थांबा शोभाकाकू. आधी कोणाला काय पाहिजे ते लिहायचं."

त्यानं छापील कागद आणले होते. तीन रकाने : काय पाहिजे, कोणाला, कारण. "कारण नाही तर गरज नाही," हा त्याचा नियम. माझं लग्न जुळवताना कोणी इतकं विचारलं नव्हतं.

समुद्रपूरकडे रूपरावांच्या शेतात गेलो. माझी मोठी बहीण धुरपता तिथंच वेचायला जाते. रूपराव बांधावर उभे राहून बोलले, अंकितनं लिहून घेतलं. पिशवी दहा किलोची, कमरेला रुंद पट्टा. कारण : बायकांच्या बांधावरच्या चकरा कमी. सगळ्या वेचणाऱ्यांसाठी पन्नास पिशव्या घेतो म्हणाले. बायकांना विचारलं तर त्या एकमेकींकडे पाहून हसल्या. "मालक म्हन्ते तेच लिवा."

धुरपताबाईनं मला कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीआड नेलं.

"कमरीले पट्टा नोको करू देऊ."

"काऊन?"

"माहं अंग बाहेर येते. लहान्याच्या बाळंतपणापासून." ती कापसाचं बोंड सोलत बोलत होती. "झोळी जड झाली का बांधावर जाऊन खाली करा लागते, घडीभर टेका लागते. दहा किलो लटकले तं वावरातच पडन मी."

"दवाखान्यात गेलतीस?"

"कोनालेच सांगतलं नाई. तू सांगशीन तं माहं तोंड पाहू नोको."

दुसऱ्या दिवशी दुकानात मी कागद भरायला बसले. 'पिशवी लहान, ओझं खांद्यावर, कमरेला पट्टा नको.' कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'अंग बाहेर येणाऱ्या बाईला कमरेवर ओझं चालत नाही.' मधल्या रकान्याशी पेन अडलं. मग तिथं माझंच नाव घातलं.

अंकित गादीवर बसलेल्या वडिलांना कागद मोठ्यानं वाचून दाखवू लागला आणि मध्येच थांबला.

"काकू, तुम्ही कधी बोलल्या नाही."

"बसून काम आहे ना. म्हणून कोणाला कळलं नाही."

हिरालालजींनी कागद ओढून घेतला, वाचला, चष्मा काढला. "पट्टा खांद्यावर घे," ते म्हणाले.

"मग रूपरावजी घेणार नाहीत, बाबूजी."

"नाही तर नाही."

त्या दिवसापासून मला कोणी ताडपत्रीची घडी उचलू देईना. खुर्चीवर उशी आली. मी निमूट तिच्यावर बसले.

रूपरावांनी कुरकुरत पंधराच घेतल्या. डिसेंबरात मी शेतात गेले, तेव्हा धुरपताबाईच्या खांद्यावर त्यातली एक होती.

"माहं नाव लिवलं काय?"

"नाई. माहं लिवलं."

ती बराच वेळ खांद्यावरचा पट्टा चाचपत राहिली. मग बांधावर येऊन पिशवी रिकामी केली आणि टेकली.

"दवाखान्यात बी तुह्यंच नाव सांगशीन काय?"

"तिथं तुह्यंच सांगा लागन. मी संग येतो."

तिनं पदरानं तोंड पुसलं. ढिगावरचा कापूस उगीच सारखा केला.

"सोमवारी येजो," ती म्हणाली. "सकाळच्याच गाडीनं."