हिरव्या पट्टीची वाट

थर्नबी गावाबाहेरच्या जंगलातली कुठली पायवाट सोपी आणि कुठली अवघड, हे ठरवायला तिथल्या पायवाट मंडळाकडे एकच माप होतं, आणि ते माप म्हणजे इल्माबाई रांताला. बाईंना जी वाट मध्ये न बसता पुरी करता येईल ती सोपी, तिच्या झाडांवर हिरवी पट्टी. बाई कुठे टेकल्या की ती वाट निळी. हा नियम त्यांच्या नवऱ्याने, आर्व्होने, मंडळ निघालं तेव्हा थट्टेत सांगितला होता. "आमच्या हिला चालायचा मनापासून कंटाळा आहे," तो म्हणाला होता, "हिला जमलं तर कुणालाही जमेल." सगळे हसले, बाईंनी डोळे वटारले, आणि थट्टेचा नियम होऊन बसला. आर्व्हो जाऊनही आता काही वर्षं झाली होती. तरी दर वसंतात, बर्फ वितळून चिखल जरा आळला की, नवा नकाशा छापायच्या आधी बाईंना हिरव्या वाटांवरून चालवून आणायची पद्धत चालूच होती.

यंदा मात्र त्यात एक गोम होती. हिवाळ्यात बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांच्या मुलीने, कर्स्टीने, फर्मान काढलं होतं. "हे बघ आई, एकटीने फिरायचं तर फक्त हिरव्या पट्टीच्या वाटेवर. निळ्या वाटेवर पाऊल टाकलंस असं कळलं तर तुला सामानासकट उचलून माझ्याकडे नेईन." बाईंनी मुकाट्याने मान डोलावली होती. त्यांना एकच वाट हवी होती, आणि ती हिरवीच होती. घराच्या परसातून निघून ओढ्याकाठाने गिरणीच्या तळ्यापर्यंत जाणारी ही वाट आर्व्होने आपल्या हाताने आखली होती. तिच्यावरून चालताना तो अजून थोडा पुढे, पुढच्याच वळणापलीकडे असल्यासारखं त्यांना वाटे. ही वाट राहिली तर बाकीचं गेलं तरी त्यांची फारशी तक्रार नव्हती. आणि ती हिरवी राहणार की निळी होणार, हे आज त्यांच्याच पायांनी ठरायचं होतं.

सकाळी लूशियन थिबोडो दारात येऊन खाकरला. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस, दारात उभं राहून आवाज देण्याची सवय काही सुटत नव्हती. मंडळाच्या फेरीत तो नेहमी सगळ्यांच्या मागे चालायचा, कुणी मागे राहून चुकू नये म्हणून.

"काय इल्मा, नवा खुबा घालून आलीस ना?"

"हो तर. तिथे तुझ्यासाठी डोकंही बघून आले होते. पण एवढ्या लहान मापाचं त्यांच्याकडे नव्हतं."

"म्हणजे तब्येत बरी आहे तुझी," लूशियन म्हणाला. "चल, हो पुढे. मी आपला मागे."

फाटक ओलांडून थोडं उतरलं की रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज विरत जातो, आणि मग नेमका कधी थांबला ते सांगता येत नाही. जंगलात धुकं अजून उठलं नव्हतं. लाल मेपलना पानं फुटायची होती, नुसता फुलोरा आला होता, त्यामुळे धुक्यालाही वरच्या अंगाने लालसर झाक आली होती. दलदलीवरून टाकलेल्या फळ्यांच्या दोन्ही बाजूंना इवले इवले बेडूक किणकिणत होते. बाईंनी फळीवर पाय ठेवला की जवळचे गप्प व्हायचे, त्या पुढे गेल्या की मागे पुन्हा सुरू व्हायचे. शांततेचा एक लहानसा तुकडा बाईंच्या बरोबरीने चालत होता. त्यांना ते बरं वाटलं.

या ओढ्याला पाणमांजराचा ओढा म्हणतात. पाणमांजर आजवर कुणी पाहिलेलं नाही. पण पाणी कधी कधी उगाचच हलतं, वारा नसताना गोल गोल वर्तुळं काठापर्यंत येतात, आणि मग माणूस जागच्या जागी थांबून बघत राहतो. बाई थांबल्या. ढगांतून जरासं ऊन आलं आणि पाण्यावरचा उजेड झाडांच्या बुंध्यांवर थरथरायला लागला. अशा वेळी त्यांना वर्षांचा हिशेब लागत नसे. हे धुकं यंदाचं की कर्स्टी लहान होती तेव्हाचं, कोण सांगणार? तेव्हाही हा उजेड असाच बुंध्यांवर चढत होता आणि पुढे आर्व्होच्या जाड कोटाची पाठ हलत होती. त्याच्या खिशात वेलची घातलेला गोड पाव असायचा. कागद उलगडला की वास पाण्यापर्यंत जायचा.

वाट डावीकडे वळली. समोर, जिथे वाट नव्हतीच, तिथे एका ओकच्या बुंध्यावर हिरवी पट्टी होती, विटून जवळजवळ शेवाळासारखी झालेली.

"हे बघ," बाई मागे न बघता म्हणाल्या. "आर्व्हो आधी सरळ रंगवत गेला, मग चुकलं म्हणून वळला. दरवाजा बसवताना केसभर फट चालायची नाही या सुताराला. लोक लांबून बोलवायचे. आणि जंगलात एक रेघ सरळ मारता आली नाही."

"हं," लूशियन म्हणाला.

"पुढे आणखी आहेत. सगळी वाट अशी नागमोडी करून ठेवलीय. मी त्याला जन्मभर सांगत होते."

"ऐकलंय. सगळ्या गावाने ऐकलंय."

पुढे खरंच आणखी वळणं होती. दगडी कुंपणापाशी एक, जिथे कुणा जुन्या शेतकऱ्याने रचलेली भिंत आता कुणालाच न अडवता जंगलातून जात होती. पडलेल्या पाइनपाशी एक. प्रत्येक ठिकाणी समोर ती विटकी पट्टी, आणि वाट मात्र पाण्याच्या बाजूला सरकलेली. बाई प्रत्येक ठिकाणी आर्व्होला नावं ठेवत होत्या, आणि नावं ठेवताना त्यांचा आवाज मऊ होत होता. असं बोलणं त्या आता घरात कुणाशी करणार होत्या?

तळं दिसलं. पडक्या गिरणीच्या भिंतीशी एक करडा बगळा एका पायावर उभा होता. इथून वाट तळ्याला सोडून एका लहानशा टेकाडावर चढते आणि पलीकडे घराच्या रस्त्याला लागते. टेकाड तरी कसलं, उंचवटाच. बाई तो इतकी वर्षं बोलता बोलता चढत आल्या होत्या.

थोडं चढल्यावर खुबा बोलायला लागला. बाई थांबल्या आणि मान वर करून फांद्यांत बघू लागल्या.

"काय बघतेस?"

"पक्षी आहे."

"कुठला?"

"पिवळा," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. चार पावलांवर पुन्हा थांबल्या. इथेही पक्षी होता. जरा वर गेल्यावर आणखी एक निघाला.

"इल्मा," लूशियन म्हणाला, "तुला पक्ष्यांची आवड कधीपासून लागली?"

"म्हातारपणी माणसाला काहीही लागतं."

लूशियन मुद्दाम तळ्याकडे तोंड करून उभा राहिला, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला. बाईंना कळलं. तो त्यांना वेळ देत होता. हव्या तितक्या वेळा थांबा, बसू तेवढं नका, म्हणजे नियम मोडत नाही. असंच वर पोचता आलं असतं, तो काही न बोलता 'सोपी' लिहून मोकळा झाला असता, आणि उद्यापासून वाट पुन्हा त्यांची होती.

पण नको तेव्हा बाईंना तो माणूस आठवला. मागच्या शरदात वाटेच्या तोंडाशी भेटलेला, छातीचं ऑपरेशन झालेला, अंगावर कपडे सैल झालेले. बाई कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने झाडावरच्या हिरव्या पट्टीवर हात ठेवला आणि हसून म्हणाला, "हिरवी आहे ना, मग मला भीती नाही." आणि एकटाच आत गेला. बाईंना तेव्हा मनातल्या मनात मोठा अभिमान वाटला होता. पण तो माणूस या टेकाडावर कुठला पक्षी बघणार होता?

त्या बाजूच्या दगडावर बसल्या. काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"लूशियन, नाडी बांधून झाली असेल तर इकडे बघ. मी बसलेय."

"मला नाही दिसत."

"दिसतंय तुला. ही वाट आता सोपी नाही. निळी कर." एवढं बोलल्यावर त्यांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. "आणि कर्स्टीला तूच सांग. मला नाही सांगवणार. ही वाट गेली की तो पण गेला बघ माझा. घरात नाही तो, इथेच असतो."

लूशियन येऊन शेजारी जमिनीवर बसला. त्याने पिशवीतून थर्मास काढला, झाकणात कॉफी ओतून त्यांच्या हातात दिली. धुकं तळ्यावरून उठत होतं. बगळ्याने पाय बदलला.

"कुंपणापाशी वाट का वळते सांग बरं," तो म्हणाला.

"सांगितलं ना. त्याला सरळ—"

"तिथे तू बसली होतीस. कर्स्टी पोटात होती. आर्व्होवर इतकी कावली होतीस की पाव ओढ्यात फेकलास. पाइनपाशीही बसलीस, तेव्हा तुला न्यूमोनिया होऊन गेला होता. आणि त्या ओकपाशी तुझा गुडघा. नवी वाट असो, जुनी असो, तू बसलीस की दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात. खांद्यावर फावडं. 'चल, इल्माला इथे चढ लागतो, वळवू या.' माझे कितीतरी रविवार त्या वळणांत गेलेत."

बाईंनी कॉफीचं झाकण दगडावर ठेवलं. "निळी नाही केलीत?"

"तो म्हणायचा, माप बदलायचं नसतं, काम दुरुस्त करायचं असतं. सुतार ना तो."

"आणि मी तोंडाचा पट्टा चालवायचे. एवढी वर्षं. एकदा तरी सांगायचं होतं मला."

"मी म्हणालो होतो त्याला. तर म्हणाला, सांगितलं तर ती पुन्हा कधी बसणार नाही. दात आवळून चढेल आणि म्हणेल, काही त्रास नाही." लूशियनने त्यांच्याकडे तिरकं बघितलं. "वर पक्षी बघेल."

बाई हसल्या. नाक पुसत, रडणं न थांबवता हसल्या. आर्व्हो त्यांना आज पहिल्यांदा नीट दिसला, बोलणी खाताना खाली मान घालून पावाचा कागद उलगडणारा, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून. त्या हसण्यावर त्या किती वेळा चिडल्या होत्या.

लूशियनने पिशवीतून नव्या वाटेच्या खुणांसाठी बांधायच्या नारिंगी फितीचं रीळ काढलं. म्हणजे तो ते घरूनच घेऊन आला होता.

"मला तुझा चढ कळत नाही," तो म्हणाला. "ते त्याला कळायचं. आता तूच सांग कुठून जायचं."

बाई उठल्या. वाट सोडून आजवर त्या कधी चालल्या नव्हत्या. काठीने पाचोळा बाजूला करत त्या टेकाडाच्या पोटाशी वळल्या, दोन बर्चच्या मधून, जिथे जमीन पाण्याच्या जरा वर सपाट होती. खुबा गप्प झाला. डाव्या हाताला तळं होतं, उजेड पुन्हा बुंध्यांवर चढत होता, आणि पुढे कुणाचीच पाठ नव्हती. भीती वाटेल असं त्यांना वाटलं होतं, तशी वाटली नाही.

"इथे," त्या म्हणाल्या. लूशियनने फीत बांधली. "इथे चिखल आहे, फळी लागेल. आणि ही मुळी काढू नका, वळसा घाला." तो बांधत गेला.

पलीकडे रस्ता दिसल्यावर बाईंनी मागे वळून बघितलं. टेकाडावर जुनी वाट सरळ वर गेली होती, तिच्या कडेच्या एका ओकवर हिरवी पट्टी अजून ठसठशीत होती. चार-दोन हिवाळ्यांत तीही विटणार होती.

"लोक नावं ठेवतील," बाई म्हणाल्या. "म्हणतील, ही वाट जिने आखली तिला सरळ रेघ मारता येत नव्हती."

"ठेवतील," लूशियन म्हणाला. "काय सांगू त्यांना?"

"काही सांगू नकोस," बाई म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या.