उजव्या बाजूची बटणं

"तबलिया कुठंय?"

"वाळत घातलाय, सी खमैस."

"कालही वाळतच होता."

"काल हवा दमट होती."

"काल ऊन होतं. माझं टक्कल भाजून निघालं."

"मग त्याच्यावर घालायला हवा होता. लवकर वाळला असता."

रांगेतल्या मुली खिदळल्या. खमैसलाही हसू आलं होतं, पण फाटकावर हसायचं नाही हा त्याचा जुना शिरस्ता. त्याने खोलीतल्या खुंटीवरचा जादा तबलिया काढला आणि निहादच्या अंगावर टाकला.

समुद्रकाठच्या महदिया गावातल्या त्या शाळेत खमैस कय्यिम होता; सगळे त्याला सी खमैस म्हणत, म्हणजे खमैससाहेब. शिकवण्याशी त्याचा संबंध नव्हता. फाटक, हजेरी, उशिरा येणारे, भांडणारे, एवढं त्याचं राज्य. मुलींनी कपड्यांवरून निळा तबलिया घालायचा, गुडघ्यापर्यंत, समोरून बटणं लावून. मुलांना कुणी विचारत नसे. हे कुणी ठरवलं ते खमैसला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

"मुलांना का नाही?" निहादने तबलियात हात घालत विचारलं.

"नियम आहे."

"नियमाला विचारलंत कधी?"

"चल, वर्गात जा."

पण चिठ्ठीशिवाय वर्गात जाता येत नसे. चिठ्ठी खमैस लिहायचा. नाव, वर्ग, वेळ आणि शेवटी 'कारण' असा एक रकाना. दुसरा कय्यिम लत्फी प्रत्येकाच्या कारणात 'पोटदुखी' लिहून मोकळा व्हायचा. त्याच्या चिठ्ठ्या वाचल्या तर अख्ख्या शाळेला जुलाब लागलेत असं वाटावं. खमैसचं तसं नव्हतं. आई आजारी असेल तर आई आजारी, झोपून राहिला असेल तर झोपून राहिला. अठ्ठावीस वर्षांत त्याने एकही रकाना कोरा सोडला नव्हता आणि एकही खोटा भरला नव्हता. याचा त्याला अभिमान होता. घरी बायकोला तो हे अधूनमधून ऐकवायचाही.

बायको, बेया, घरीच शिवणकाम करायची. शाळा सुरू झाल्या की महिनाभर तिच्या खोलीत निळ्या कापडाचा ढीग पडायचा. त्याच आठवड्यात एका दुपारी खमैस घरी आला, तर निहाद खोलीच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभी, आणि बेया तोंडात टाचण्या धरून माप घेतेय.

"दमलोय हात वर धरून, खालती," निहाद म्हणत होती. बेयाला गल्लीतली सगळीच पोरं खालती म्हणत, मावशी.

"दमलोय?" खमैस दारातून म्हणाला. "दमलेय म्हण, पोरी."

निहादचे हात खाली आले. चेहऱ्यावरचं हसूही. बेयाने टाचण्या तोंडातून काढल्या.

"गिळल्या असत्या मी आता. जा तू, चहा ठेव."

निहाद गेल्यावर चहाचा पेला बेयापुढे ठेवत त्याने खुणा केलेल्या कापडाकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं तबलिये तपासणाऱ्या माणसाच्या नजरेतून तेवढं सुटत नाही.

"बटणं उजव्या बाजूला? ही तर पुरुषांच्या शर्टाची बाजू."

"लेकराला तशी हवीत."

"आणि कमरेला घेतलं नाहीस कुठे. सरळसोट पोतं."

"तसंच हवंय."

"का पण?"

"तुला कुणी रोज डाव्या हाताने जेव म्हटलं, तर घास गोड लागेल का?"

"अगं, पण त्या पोरीला..."

"पोरगी, पोरगा," बेया म्हणाली, "मी मापं घेते, खमैस, हजेरी नाही. ते लेकरू आहे, लांबी एकशे चार. आणि बटणं कुठल्या बाजूला, हे तुझ्या कुठल्या रकान्यात येतं का?"

"नाही."

"मग चहा पी."

पुढच्या सोमवारपासून निहादचा तबलिया एकदाही वाळत पडला नाही. कॉलर इस्त्रीची, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. फाटकातून आत येताना निहाद दोन बोटं कपाळाला लावून सलाम करायची आणि खमैस मान हलवायचा. गणिताचे मास्तर त्याच्या खोलीत चहा प्यायला आले की म्हणायचे, जूनमध्ये बाकच्या, म्हणजे शाळा संपतानाच्या मोठ्या परीक्षेत ही आपलं नाव काढणार.

आधी एका मुलीच्या नजरेला ती बटणं आली. आठवड्याभरात सगळ्या शाळेच्या. मुलींच्या संडासात निहाद गेली की आतल्या मुली खोटंखोटं किंचाळायच्या, "बाई गं, पुरुष!" आणि बाहेर ढकलायच्या. बाहेर मुलं वाटच बघत असायची. खमैसने दोनचार वेळा शिटी वाजवून त्यांना पांगवलं. शिटी थांबली की ती पुन्हा जमायची.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी निहाद त्याच्या खोलीत आली. ओठ फुटलेला, वरचं बटण दोऱ्यावर लोंबतंय.

"कुणी केलं?"

"पाय घसरला."

"बस. पाणी पी."

"नको. सकाळपासून पाणीच पीत नाही मी. म्हणजे जावं लागत नाही." निहाद खुर्चीच्या कडेवर टेकली. "सी खमैस, एक मागू? शिक्षकांच्या संडासाची किल्ली. फक्त मधल्या सुट्टीत. पाच मिनिटं."

किल्ली खमैसच्या पाठीमागे खिळ्यावर होती. तिची वेगळी वही होती आणि त्या वहीत फक्त शिक्षकांची नावं होती.

"किल्लीने काय होणार?" तो म्हणाला. "याच्या मुळाशी जायला हवं. मी बघतो."

"बघू नका, सी खमैस. नुसती किल्ली द्या."

"मी बघतो म्हटलं ना."

त्याचा हेतू वाईट नव्हता. हे पुढे त्याने स्वतःला फार वेळा सांगितलं. त्याने पालकांना बोलावण्याचा कागद काढला, चांगली शाई भरली आणि कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मुलगी मुलांसारखी राहते व तसे कपडे शिवून घालते. त्यामुळे इतर विद्यार्थी त्रास देतात. तिच्या सुरक्षेसाठी घरच्यांनी लक्ष द्यावे.' दोन ओळींचा रकाना होता. तिसरी ओळ त्याने समासात बसवली.

निहादचा बाप अब्देल्मजीद बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. हात घासूनपुसून आला होता. त्याने कागद दोनदा वाचला.

"हा तबलिया शिवला कुणी?"

खमैसच्या डोळ्यांपुढे बेया आली, तोंडात टाचण्या धरलेली.

"माहीत नाही," तो म्हणाला.

नोकरीतलं त्याचं ते पहिलं खोटं. ते त्याने स्वतःच्या घरासाठी वापरलं.

अब्देल्मजीदने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि छातीवर हात ठेवला. "अल्लाह तुमचं भलं करो. बापाला सगळ्यात शेवटी कळतं. तुम्ही होता म्हणून कळलं." खमैसने त्याला फाटकापर्यंत सोडलं. आपण एक चांगलं काम केलं असंच त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी निहाद आली नाही. आठवड्याने अब्देल्मजीद आला, तो आतही शिरला नाही. फाटकावरूनच त्याने एक पिशवी पुढे केली. आत तबलिया होता.

"तिला काकाकडे ठेवलंय, लांब, कस्रीनच्या पलीकडे. शाळा पुरे झाली."

"अहो, पण चार महिन्यांवर बाकची परीक्षा आहे. हुशार आहे पोरगी. मी कुणाशी..."

"तुमचे उपकार झालेत, सी खमैस. आता पुरे."

खमैसने पिशवी घरी नेली. जेवताना बेयाला सगळं सांगितलं, कागदावर काय लिहिलं तेही. बेयाने हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला.

"लेकराने काय मागितलं होतं?"

"किल्ली."

"आणि तू काय दिलंस?"

बेयाने ताट सारलं. लोंबणारं बटण तोडून नव्या दोऱ्याने शिवलं. दोरा इतके वेळा फिरवला की शेवटी सुई आत जाईना. मग इस्त्री करून तबलिया त्याच्या हातात दिला.

"तुझ्या खुंटीवर ठेव. फाटकातून तूच आत घ्यायचास त्याला. कागदाने बाहेरही तूच काढलंस."

त्यानंतर तिने तबलिये शिवायचे सोडले. पडदे शिवायची, नवरीमुलींच्या चादरी शिवायची. कुणी निळं कापड घेऊन आलं की म्हणायची, डोळे गेले आता. खमैसशी ती भांडली नाही. पूर्वीसारखं वाढायची, पूर्वीसारखं बोलायची. तो विषय मात्र त्या दिवशी मिटला तो मिटलाच.

जूनमध्ये परीक्षेच्या खोलीवर यादी लागली. चौदाव्या क्रमांकावर निहादचं नाव होतं, अर्ज आधीच भरलेला ना. चौदावं बाक तीन तास रिकामं राहिलं. खमैस त्या दाराशी दोनदा गेला आणि दोनदा परत आला. बंदरावरही तो दोनदा गेला. पहिल्यांदा अब्देल्मजीद म्हणाला, "ठीक आहे." दुसऱ्यांदा त्याने इंजिनातून डोकंच वर काढलं नाही.

तीन वर्षं गेली. गेल्या नोव्हेंबरात बेया शेवटचे बारा दिवस इस्पितळात होती. दहाव्या दिवशी तिने विचारलं,

"लेकराची काही खबर?"

खमैसला काहीच खबर नव्हती.

"चांगलं आहे म्हणे," तो म्हणाला. "सूसला असतं. पुन्हा शिकतंय."

बेयाने त्याचा हात थोपटला.

"खोटं बोलायला शिकलास की रे," ती म्हणाली. "उशिरा शिकलास."

आता त्याची नोकरी एवढ्या वर्षापुरती उरली आहे. किल्ली खोलीच्या बाहेर, खिडकीच्या चौकटीला टांगलेली असते. वही त्याने माळ्यावर टाकली. कोण नेतं ते तो बघत नाही. तासाची घंटा होईपर्यंत किल्ली परत आलेली असते, कधी कधी ओली. मुख्याध्यापकांनी एकदा किल्लीबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला की कुलूप उघडायला आता जिना चढउतार होत नाही, ज्याची त्याने घ्यावी. चिठ्ठ्यांवर तो सर्रास 'पोटदुखी' लिहितो. लत्फी म्हणतो, "काय सी खमैस, तुमच्या बाजूलाही साथ आली का?"

"आली," खमैस म्हणतो.

परवा सकाळी एक मुलगी तबलिया विसरून आली. पहिल्या वर्षाची, नवीन. खमैसने सांगायच्या आत ती खोलीत शिरली आणि शेवटच्या खुंटीवरचा तबलिया तिने ओढला.

"तो नको. दुसरा घे."

"पण हा किती छान इस्त्रीचा आहे." तिने तो अंगाला लावून पाहिला. "अय्या, बटणं उलटी लावलीत याची!"

"बरोबर लावलीत."

"कुणाचाय?"

खमैसने तिच्या हातातून तो काढून घेतला आणि दुसरा दिला.

"आहे एका लेकराचा," तो म्हणाला. "पळ, घंटा झाली."

ती गेली. त्याने तबलिया पुन्हा खुंटीवर घातला, खांदे सारखे केले आणि खालून वर एकेक बटण लावत गेला. गळ्याशीचं काही केल्या लागेना. त्याचा दोरा फार घट्ट होता.