व्हायोलिनची धून आणि माझं एकच तोंड

मी वारंगा फाट्यावरच्या बँडपार्टीतला क्लॅरिनेट बोलतोय. मेरठला घडलो तेव्हा स्वतःला फार थोर समजत होतो. इथे आल्यावर कळलं, आपलं काम नवरदेवाच्या घोड्यापुढे लोकांना धुळीत नाचवणं. त्यातही माझ्या तोंडातली वेताची पत्ती जास्त ओली झाली की मी बदकासारखा ओरडायचो, आणि लोक नेमकी त्यालाच दाद द्यायचे.

माझे मालक भीमराज. लगीनसराई संपली की ते मजुरीला जायचे. सत्त्याण्णव साली एका निवासी शाळेत संगीतशिक्षकाची जागा निघाली. अट होती, एक पाश्चात्त्य रचना एकट्याने वाजवायची. मजुरीतून सुटायची तेवढीच एक वाट होती.

फाट्यावरच्या कॅसेटवाल्याकडे त्यांना व्हायोलिनची एक धून मिळाली, तीनशे वर्षांपूर्वी युरोपात रचलेली. व्हायोलिन दोन तारा एकदम वाजवतं आणि त्याला दम लागत नाही. मला तोंड एकच, आणि दर ओळीला धाप लागते. ती धून माझ्यावर बसवणं म्हणजे दोघांचं भांडण एकट्याने करून दाखवणं. भीमराज खालच्या सुराला नुसतं शिवायचे आणि वर उडी मारायचे, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही राहतात. काही सूर त्यांनी सरळ गाळले. माझ्या अंगात तेवढी ताकद नव्हती, हे कबूल.

"हे गाणं कुठंच काहून पोचून न्हाई राहिलं?" त्यांच्या पत्नी जनकाबाईंनी एकदा विचारलं.

"पोचंल. आधी दम कुठं घ्यायचा ते ठरू दे."

चाचणीच्या दिवशी भीमराज कुरुंदा गावच्या लग्नातून थेट शाळेत गेले. धीर द्यायला ढोलवाले नरसिंग सोबत, ढोल गळ्यातच. बँडची रीत अशी, की क्लॅरिनेटने दम घेतला की ती जागा ढोलाने भरायची, नाहीतर नाचणारे थांबतात. मी पहिला दम घेतला आणि मागून धडाम.

"हात आपोआप गेला, साहेब," नरसिंग म्हणाले.

परीक्षकांनी त्यांना बाहेर बसवलं. पुन्हा सुरुवात झाली. या वेळी मी इतका सुरेल वाजलो की माझाच विश्वास बसेना. दम घ्यायची जागा आली. भीमराजांनी श्वास घेतला आणि सवयीने ढोलाची वाट पाहत थांबले. परीक्षकांना वाटलं, संपलं. छान होतं, पण फार छोटं होतं, म्हणाले. टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. एवढे शिकलेले लोक, पण अर्धं काय नि पूर्ण काय, हे कळत नव्हतं. भीमराज सांगायला जाईपर्यंत पुढचा उमेदवार वाजवायलाही लागला होता.

जीपमध्ये नरसिंग म्हणाले, "माझ्यापायी जागा गेली तुझी."

"न्हाई गड्या. वाट मीच पाहिली तुझी."

पुढे डीजे आला, बँड मोडला. माझी भोकं झाकणाऱ्या गाद्या उंदरांनी कुरतडल्या, भीमराजांनी चामड्याचे तुकडे चिकटवले. आता संध्याकाळी ते तीच धून वाजवतात. दम घ्यायची जागा आली की समोर बसलेले नरसिंग दोन्ही हात मांडीखाली दाबून धरतात. भीमराज श्वास घेतात आणि पुढे जातात.

तुम्हीही एवढं करा. मी थांबलो की लगेच टाळ्या वाजवू नका. निम्मी धून अजून माझ्या पोटात असते.