व्हॉल्मोरच्या ड्यूकांची शेवटची सनद

मी एक जुनी सनद आहे, मित्रांनो. मेंढीच्या कातड्यावर मला लिहिलं, रेशमी दोऱ्याने हिरव्या मेणाची मोहोर बांधली आणि खाली फ्रान्सच्या राजाने सही केली.

माझ्या आधी व्हॉल्मोरचे दोन ड्यूक होऊन गेले. पहिल्याने वेढ्यात किल्ला राखला, म्हणून हा किताब मिळाला. दुसऱ्याने तो मेजवान्यांत मिरवला. किताब फक्त मुलाकडे जायचा. तिसरे ड्यूक गास्पार यांना मात्र एकुलती एक मुलगी, सिडोनी. किताब तिला मिळावा म्हणून त्यांनी अकरा वर्षं दरबारी खेटे घातले, तेव्हा कुठे माझा जन्म झाला.

पण वर्षाच्या आत पॅरिसच्या न्यायसभेत माझी नोंद व्हायला हवी होती, नाहीतर मी रद्द. आणि नोंदीआधी ड्यूकने स्वतः न्यायाधीशांच्या घरी जाऊन विनंती करायची, अशी रीत होती.

"मी जाऊ? त्या शाईने बरबटलेल्यांच्या दारात?" गास्पार म्हणाले. "त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या न्यायाधीशाचा आजा आमच्याकडे कापड विकायला यायचा."

"मग काय झालं, बाबा? टोपी काढली म्हणून डोकं काही गळून पडत नाही."

"पुढच्या महिन्यात बघू, पोरी."

असे किती पुढचे महिने गेले! पाहुणे आले की मला पेटीतून काढत. सगळे माझ्या अक्षराचं कौतुक करत, मग मला पुन्हा मखमलीत गुंडाळून ठेवत. दिवस सरताहेत हे मला कळत होतं, पण सांगणार कशी?

पंधराव्या महिन्यात गास्पार तापाने गेले. मोठा सरदार गेला की रंगवतात तसा चर्चच्या भिंतींवर त्यांच्या नावाचा शोकाचा काळा पट्टा रंगवला गेला. तो वाळायच्या आत सिडोनी मला घेऊन वकील पेलूंकडे गेली. त्यांनी उठून, वाकून तिला 'डचेस' म्हटलं, म्हणजे ड्यूकचा किताब आता तिचाच असं मानून, आणि मला उलगडलं.

"मोहोर खरी आहे. सहीही खरी."

"मग अडलं कुठे?"

"तारीखही खरी आहे. मुदत उलटून दोन महिने झाले."

"नवी सनद मागू या."

"ती ड्यूकने मागायची असते, बाई. आता ड्यूकच उरला नाही."

'बाई' ऐकून सिडोनीने मला मेजावरून उचललं. मग मला हळूच गुंडाळत म्हणाली, "बाबांनी तुला फार जपलं गं."

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा कागद असेल. त्याला नुसतं जपू नका. जिथे न्यायचा, तिथे वेळेत न्या. आम्हाला पाय नसतात.