काचेवरचा उंचवटा

पहिल्या नोकरीतून काढताना साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "यू स्लॅक ऑफ." म्हणजे अंगचोरपणा करतेस. ते भाचीच्या असं जिव्हारी लागलं, की मावशीच्या कारखान्यात आल्यापासून तिने पाठ टेकणंही सोडलं होतं.

कारखान्यात दुर्बिणींचे आरसे घडत. आता पहिल्यांदाच एक अख्खा आरसा मावशीने तिच्या हाती सोपवला होता. जमला तर ती इथे कायमची, नाहीतर पुन्हा अर्ज करत फिरायचं.

आणि तो जमत नव्हता. तपासणीत मधोमध केसाहूनही बारीक उंचवटा दिसे. ती डांबराच्या गादीवर काच पालथी घालून, काचेच्या पाठीवर दोन्ही तळवे रेटून घासे आणि लगेच उचलून तपासे. उंचवटा तिथेच. जितकं घासावं तितका मेला फुगतोच!

"काय गं, काचेशी कुस्ती चाललीय?" मावशी दारातून म्हणाली. "ईझ ऑफ."

"नको. मग परत म्हणतील, स्लॅक ऑफ करते."

"अगं शहाणे, स्लॅक ऑफ म्हणजे करायचं तेच न करणं. ईझ ऑफ म्हणजे लागतो तेवढा जोर ठेवून बाकीचा सोडणं. उताराला लागल्यावर पेडलवरचा पाय हलका करतेस, म्हणून काय गाडी सोडून पळतेस?"

भाचीला हसू आलं, पण हात काचेवरच.

"काचेची पाठ कशी लागतेय हाताला?"

"कोमट," ती म्हणाली, आणि तिने झटकन हात उचलले. तिच्याच तळव्यांच्या उबेने काच मधोमध फुगत होती, आणि तो फुगवटा ती घासून काढत बसली होती. निवल्यावर तिथे काय उरणार? पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेल्या मुलीच्या तोंडचं पाणी पळालं.

"मावशी, मी खड्डा पाडलाय गं."

"पडला असेल. निवू दे, मग बघू."

मावशीने आरसा निवायला लाकडी घोडीवर उभा केला आणि भाचीला कान धरून बाहेरच्या बाकावर बसवलं. बसणं हेही या कामातच धरतात, हे तिला पटेना. दोनदा उठली, दोनदा ओरडा खाल्ला.

काच निवल्यावर दोघींनी तपासलं. उंचवट्याचा पत्ता नव्हता. खड्डा होता, पण उथळ.

"आता काच भरून थोडीच येणार," भाची पुटपुटली. "भोवतालचं उतरवावं लागेल."

"उतरव की मग."

"मी?"

"नाहीतर कोण, शेजारीण?"

भाचीच्या जिवात जीव आला. आभार मानायला तोंड उघडलं, तर मावशी चहा टाकायला निघूनही गेली होती. तिने काच पालथी घातली आणि यावेळी नुसती बोटांची टोकं टेकवली. तेवढ्या ढकलण्यानेही काच सरकू लागली; दाबाला तिचं स्वतःचं वजनच पुरत होतं. तिने दोनतीनदा दाराकडे पाहिलं. मावशी डोकावायलाही आली नाही, आणि या न येण्याबद्दल तिचं किती ऋण मानावं, ते भाचीला कळेना.