पान्यांची वाटणी

मखमलाबादच्या मळ्यात दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा जमीन बिनबोभाट वाटली गेली आणि भांडण जुंपलं ते विहिरीच्या पाळीवरून. वडिलांच्या पान्यांवरून तरी जुंपू नये म्हणून आई, चंद्रभागाबाई, स्वतः ओट्यावर बसली आणि एक पाना तुला, एक पाना त्याला असं करत तिनं पेटी रिकामी केली. रिकामी पेटी थोरल्या भारतला मिळाली, षटकोनी ॲलन चाव्यांचा जुडगा धाकट्या लहानूला. न्याय अगदी चोख झाला. तेव्हापासून दोन्ही घरांत एकही दुरुस्ती धड पुरी होत नव्हती आणि भावाभावांत बोलणं नव्हतं.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात हरसूलहून निरोप आला की मावशीनं, नवसाबाईनं, अंथरूण धरलंय आणि ती बहिणीची वाट बघतेय. पण चंद्रभागाबाईच्या कमरेचं हाड मोडून जेमतेम जुळलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्के बसता कामा नयेत. आणि भारतच्या जुन्या मारुतीत खड्डा आला की माणूस छताला लागायचा. त्यानं नवे शॉकअप आणले, मऊ स्प्रिंगा आणल्या. गॅरेजवाला म्हणाला, सोमवारी बघू. मावशी सोमवारपर्यंत थांबेल याची खात्री कोण देणार? भारतनं अंगणातच गाडी जॅकवर घेतली.

चाक निघालं, शॉकअप खाली आला, उसन्या आणलेल्या शिकंज्यात स्प्रिंगही दाबली गेली. अडलं ते वरच्या नटाशी. पाना लावून फिरवावं तर नटासोबत शॉकअपचा दांडाही गरगर फिरायचा. भारतनं रॉकेल ओतलं, हातोडी मारली, दांडा पकडीत धरून पाहिला. पक्कड घसरली आणि बोटाची सालपटं निघाली. दांड्याच्या डोक्यात सहा कोनांची खाच होती. तिथं ॲलन चावी घालून दांडा धरला की काम होणार होतं. चावी होती लहानूच्या घरी, कुंपणापलीकडे.

"माझंच चुकलं रे," अंगणातल्या खाटेवरून आई म्हणाली. "पेटी फोडायला नको होती."

"तू गप बस गं," भारत खेकसला, आणि लगेच त्याचं त्यालाच वाईट वाटलं. आईला मावशीची भेट हवी होती आणि हा इथं एका चावीपायी अकडून बसला होता. त्याला स्वतःची चीड आली. तो उठला आणि कुंपणापाशी गेला.

लहानू गुलाबाच्या वाफ्यात बसला होता. हातोडीचा आवाज मघापासून त्याच्या कानावर पडत असणारच.

"लहानू, जरा ॲलन चावी दे." भारत कुंपणावरून म्हणाला.

लहानूनं वर पाहिलं नाही. "नुसती चावी नेऊन काय करशील? एकानं दांडा धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकट्याचं काम नाय ते."

"मग?"

लहानू उठला, हात झटकले आणि घरात गेला. चावी घेऊन तो कुंपणाच्या खिंडारातून अलीकडे आला. आईच्या खाटेपाशी क्षणभर थबकला. खाली बसून त्यानं चावी खाचेत घातली आणि दोन्ही हातांनी आवळून धरली.

"फिरव, दादा."

भारतनं पान्यावर अख्खं वजन टाकलं. लहानूच्या मनगटाच्या शिरा फुगल्या. नट करकरला आणि सुटला. दोघेही मागे पडता पडता वाचले. हसायचं की नाही, हे दोघांनाही ठरवता येईना.

"दुसरी बाजू हाय अजून," लहानू म्हणाला.

ऊन उतरेपर्यंत दोन्ही शॉकअप बसले. लहानूनं चावी पुसून खिशात घातली आणि तो कुंपणाकडे चालू लागला. झालं, एवढंच होतं तर, असं भारतला वाटलं.

थोड्या वेळानं लहानू परत आला. हातात धोतराच्या फडक्यात बांधलेलं जड गाठोडं होतं, त्याच्या वाटचे सगळे पाने. ते त्यानं रिकाम्या पेटीत ठेवलं.

"घाटात गाडी अडली तर लागतील."

"लागतील खरं," भारत म्हणाला. "पण चावी धरायला कोण?"

लहानूनं आईकडे पाहिलं. तिनं पदर डोळ्यांना लावला होता.

"पहाटे हाक मार, दादा," तो म्हणाला. "आईला मागं आडवी होऊ दे. मी पुढं बसंन."