कवळतोडीची तीन कडी

लाकडाच्या वखारीत तोंड बंद ठेवायचं, असा आप्पांचा हुकूम होता. "गोदे, पुण्याचे प्रोफेसर यायचेत. एक शब्द बोललीस तर उद्यापासून करवतीला हात लावायचा नाही!" आप्पा आमचे मालक; वखार त्यांची, हुकूम त्यांचा. दीर मुंबईला गिरणीत गेला तेव्हापासून नवऱ्याबरोबर करवतीचं दुसरं टोक मी ओढत होते. बाईमाणूस करवत ओढते म्हणून सगळी रत्नागिरी हसायची. हसोत मेले! मला ते काम आवडायचं. ते जाऊ नये म्हणून गप्प राहायचं ठरवलं. देवाशपथ ठरवलं होतं.

साल तेहतीस. प्रोफेसर आले ते भिंग घेऊन, आणि यंदाच तोडलेल्या एका सागाच्या ओंडक्यावर वाकून कडी मोजायला लागले. एका वर्षाचं एक कडं. पाऊस भरपूर तर रुंद, पाऊस कमी तर बारीक. सालीपासून आत मोजत गेलं की मागचे पाऊसकाळ कळतात म्हणे. माझा नवरा महिपत जन्मभर लाकूड कापतोय, पण हे ऐकून तोही आ वासून उभा.

मोजता मोजता प्रोफेसर थबकले. "ही तीन बघा, केसासारखी! एकोणीसशे आठ, नऊ, दहा. इथे सलग तीन वर्षं दुष्काळ होता!" आणि वही काढून लिहायलाच बसले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो ओंडका माझ्या माहेरचा, बापाच्या बांधावरचा.

"खोटं आहे ते!" मी बोलून गेले. आप्पांनी डोळे वटारले, महिपतनं माझा हात दाबला. पण एकदा सुटलं ते सुटलं.

"साहेब, त्या सालांना पाऊस धो धो होता. बापानं तेव्हा नवी भातखाचरं काढली. रोपं टाकायची जागा आधी भाजावी लागते, त्यासाठी जाळायला आम्ही झाडांच्या फांद्या तोडतो. कवळ म्हणतात त्याला. ऐन-किंजळाची झाडं पुरेनात, म्हणून तीन वर्षं या सागावरही कोयता चालवला. पार बोडका केला होता! भारे या डोक्यावरून वाहिलेत मी. अंगावर पानंच नाहीत तर झाड वाढेल कसं?"

प्रोफेसरांनी लिहिणं थांबवलं. "पुरावा काय, बाई?"

"आहे की!" देवळाच्या तुळईसाठी आणलेला देवरहाटीतला साग पलीकडेच पडला होता. यंदाच वादळात आपणहून कोसळलेला. "देवाच्या राईत कोयता घालायची कुणाची छाती आहे? याची कडी मोजा."

मोजली. चुकले तर करवत गेली, अब्रूही गेली. पण तिन्ही सालांची कडी चांगली ऐसपैस निघाली!

"आता अठरा साल बघा," मी म्हटलं, "मानमोडीच्या तापाचं. तेव्हा पाऊस खरंच रुसला होता." ते कडं मात्र दोन्ही ओंडक्यांत बारीक होतं.

प्रोफेसरांनी वहीतल्या ओळीवर काट मारली. "चूक झाली असती," ते म्हणाले, "आणि ती छापली गेली असती. झाड कवळाचं की रहाटीचं, हे यापुढे आधी विचारीन. तुमचं नाव लिहून घेतो, बाई."

"गोदा महिपत गोरिवले."

"आणि काम? घरकाम?"

मी आप्पांकडे बघितलं. करवत अजून माझी होती की गेली? महिपत खाली बघायला लागला.

आप्पा खाकरले. "करवत ओढते. माझ्या वखारीत."

पण मी कसली सोडते! सगळ्यांदेखत विचारलं, "मग उद्या येऊ ना वो, आप्पा?"

"उद्या काय गो? देवाची तुळई आजच कापायचीय. धर करवत!"